सोसायटीतला मुलांचा बुद्धिबळ क्लब: आधी जोड्या, मग शिकवणं

प्रश्न थोडक्यात असा: सोसायटीचा हॉल दर शनिवारी संध्याकाळी दोन तास मिळतोय. सहा ते तेरा वयाची वीस-पंचवीस मुलं येतील असं दिसतंय. दोन-तीन पालक मदतीला तयार आहेत, पण मोठा खेळाडू कोणीच नाही. क्लब चालेल का, सामान कोणतं घ्यायचं आणि दोन महिन्यांत मुलं गळून जाऊ नयेत म्हणून काय करायचं?

चालेल. पहिले सहा महिने मोठ्या खेळाडूची गरजच नसते. सगळे नियम नीट माहीत असलेला आणि आवाज न चढवता बोलणारा माणूस पुरतो. असे क्लब शिकवणारा कच्चा म्हणून क्वचितच बंद पडतात, बंद पडतात ते जोड्या चुकल्यामुळे. ओळीने सहा डाव हरलेल्या मुलाचं सातव्या शनिवारी पोट दुखतं. ओळीने सहा डाव सहज जिंकलेला मुलगा खाली क्रिकेट खेळायला निघून जातो. दोघांनाही तुम्ही काहीही उत्तम शिकवलेलं असलं तरी फरक पडत नाही.

म्हणून पहिली खरेदी पटाची नाही, दोनशे पानी वहीची. दर शनिवारी एक पान. तीन रकाने: पांढऱ्याकडून कोण, काळ्याकडून कोण, निकाल. जोड्या घरून लावून आणायच्या. हॉलमध्ये ‘चला, जोड्या करा’ म्हटलं की दोस्त दोस्ताला धरतो, दांडगा कच्च्याला धरतो आणि नवीन आलेली मुलगी भिंतीशी उभी राहते. नियम साधा ठेवा. सलग दोन डाव जिंकला की पुढच्या वेळी वरचा गडी, सलग दोन हरला की खालचा. पांढरे-काळे आलटून पालटून. आठवड्याला दोन डाव धरले तर महिन्याचे आठ होतात आणि त्या आठांत प्रत्येक मुलाचे तीन ते पाच गुण (जिंकला की एक, बरोबरीला अर्धा) झाले पाहिजेत. दोनच्या खाली कोणी असेल तर चूक त्या मुलाची नाही, वहीची आहे. वय आणि इयत्ता बघून गट पाडू नका. सात वर्षांची मुलगी बारा वर्षांच्या मुलाला हरवते हे पहिल्याच महिन्यात दिसतं, आणि तेव्हा ‘लहान गट’ अशी पाटी असली की पंचाईत होते. सख्ख्या भावंडांची जोडी शक्यतो टाळा, तो डाव घरी जेवणाच्या ताटावर चालू राहतो.

ताकदीत फारच फरक असेल आणि दुसरा जोडीदार नसेल तर मोहरा देऊन खेळवा. भक्कम गड्याने बी१ वरचा घोडा (अक्षर म्हणजे पटाची उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी) काढून ठेवायचा. वजीर काढला तर डावाचं रूपच बदलतं आणि दोघंही काही शिकत नाहीत. घड्याळ असेल तर त्याहून चांगलं: एकाला तीन मिनिटं, दुसऱ्याला दहा. मात्र ही सवलत ‘कच्च्याला दिली’ असं कधी म्हणायचं नाही. ते भक्कम गड्याला दिलेलं आव्हान आहे, तसंच जाहीर करायचं. भिंतीवर क्रमवारी लावण्याचा मोह होईल. लावू नका. वरच्या तिघांना ती आवडते, खालचे दहा जण ती रोज वाचतात.

आता सामान. चोवीस मुलांना बारा पट लागतात, पण चौदा सेट घ्या. घडीचे चुंबकी पट मुलांना आवडतात, क्लबला चालत नाहीत: घरं लहान, मोहरे बारीक, आणि बिजागरी वर्षभरात तुटते. गुंडाळता येणारा व्हिनाइलचा पट घ्या, घर ५ ते ५.५ सेंटिमीटरचं, कडेला अक्षरं आणि आकडे छापलेले. मोहरे प्लास्टिकचे, राजा ९ ते ९.५ सेंटिमीटर उंच. दुकानातच एक परीक्षा करून बघा: पटाच्या एका घरात चार प्यादी अगदी बरोबर मावली पाहिजेत. मोकळी राहिली तर मोहरे लहान आहेत, मावलीच नाहीत तर पट लहान आहे आणि दाटीत मुलांचा हात लागून शेजारचे मोहरे पडत राहतात. प्रत्येक रंगाला एक जादा वजीर असलेला सेट मिळाला तर तोच घ्या. नाहीतर शेवटच्या ओळीला पोहोचून प्याद्याची बढती झाली की उलटा हत्ती ठेवला जातो. नियमाप्रमाणे तो हत्तीच, पण मुलं त्याला वजीर समजून खेळतात आणि दहा चालींनंतर भांडण होतं.

प्रत्येक सेटला नाडीची कापडी पिशवी, पिशवीवर क्रमांक, आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाला त्याच क्रमांकाच्या सेटचा नेलपॉलिशचा ठिपका (ठिपक्याचा रंग सेटगणिक वेगळा, किंवा एक-दोन-तीन ठिपके). हे न केल्यास तीन महिन्यांत एका पिशवीत सतरा पांढरी प्यादी आणि दुसरीत एकही उंट नाही अशी वेळ येते. डाव संपला की मोहरे सरळ पिशवीत टाकायचे नाहीत. आधी पटावर सुरुवातीच्या जागी मांडायचे, मोठ्या माणसाने एक नजर टाकायची, मग पिशवी. मोजणी आपोआप होते आणि मांडणीचा सरावही. पट गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवा. उलटं केलं तर उघडल्यावर चारही कडा वर उचलल्या जातात आणि कडेचे हत्ती डुलतात. घडी तर कधीच घालायची नाही.

घड्याळं सुरुवातीला चारच पुरेत. सेटपेक्षा घड्याळ कित्येक पट महाग असतं आणि पहिले दोन महिने त्याचा उपयोग नसतो. नवशिक्याच्या हातात घड्याळ दिलं की तो पट बघत नाही, बटण बघतो.

सहा फुटी टेबलावर दोनच पट ठेवा, तीन मांडले की कोपरं लागतात. टेबलं नसतील तर सतरंजीवर बसवून पट चौरंगावर किंवा पाटावर ठेवा. नुसत्या जमिनीवर पट असला की मुलं गुडघ्यांवर येऊन पुढे झुकतात आणि डाव उधळतो. प्लास्टिकच्या खुर्च्यांत सहा वर्षांच्या मुलाची हनुवटी टेबलाला लागते, त्याला दोन खुर्च्या एकात एक घालून द्या.

दोन तासांतले नव्वद मिनिटं मुलांची, बाकी मांडामांड आणि आवराआवर. पहिली दहा मिनिटं कोडी: तीन-चार पटांवर ‘एका चालीत मात’ मांडून ठेवायची, जो येईल तो सोडवायला बसेल. उशिरा येणाऱ्यांसाठी हा उपाय ‘वेळेवर या’ या निरोपापेक्षा जास्त चालतो. मग वीस मिनिटं एकच गोष्ट शिकवायची. वीस म्हणजे वीस. त्यानंतर पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाणी. शेवटची दहा मिनिटं एखाद्या डावातली एक जागा सगळ्यांसमोर, आणि आवरणं. क्लब आणि क्लास यांत गल्लत करू नका. मूल इथे खेळायला येतं.

अजिबात न येणाऱ्यांना पहिल्या दिवशी बत्तीस मोहरे दाखवू नका. फक्त प्यादी मांडा, आठ विरुद्ध आठ, जो आधी शेवटच्या ओळीला पोहोचेल तो जिंकला. प्यादं सरळ चालतं आणि तिरकं मारतं, ही एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायला पूर्ण शनिवार जातो आणि जाऊ द्यावा. दुसऱ्या आठवड्यात राजा आणि शह. तिसऱ्यात हत्ती, चौथ्यात उंट आणि वजीर, पाचव्यात घोडा. घोडा मुद्दाम शेवटी, कारण त्याच्या उडीचं कौतुक इतकं असतं की बाकी सगळं मागे पडतं. सहाव्या आठवड्यात पूर्ण डाव. किंमती त्याच वेळी सांगा: प्यादं एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. पटाचा उजव्या हाताचा कोपरा पांढरा आणि वजीर आपल्या रंगाच्या घरात, ही दोन वाक्यं दर शनिवारी म्हणावी लागतात, वर्षभर.

घरी आजोबांकडून शिकून आलेली मुलं वेगळेच नियम आणतात: पहिल्या चालीला दोन प्यादी एकेक घर, राजाला एकदा घोड्याची उडी, शेवटच्या घरी गेलेलं प्यादं त्या घराच्या मोहऱ्यात बदलणार. ती देशी पद्धत आहे, चुकीची नव्हे. मुलाला तसंच सांगा: आजोबांशी तसं खेळ, इथे आंतरराष्ट्रीय नियम. ‘आजोबांना येत नाही’ असा निरोप घरी गेला तर तुमचा सगळ्यात भक्कम पाठीराखा गेला म्हणून समजा.

किल्लेकोटाच्या (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याच्या) अटी भिंतीवर लावा, कारण निम्मी भांडणं तिथे होतात. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मध्ये कोणी नसावं, राजाला त्या क्षणी शह नसावा, राजा ज्या घरावरून जातो आणि जिथे थांबतो तिथे प्रतिस्पर्ध्याचा मारा नसावा. हत्तीवर मारा असला तरी चालतं, हे मोठ्यांनाही पटत नाही. प्याद्याचा ‘एन पासाँ’ मार (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने जाता जाता मारणं) आठव्या आठवड्यापर्यंत काढूच नका.

मग सुरुवातीच्या चालींऐवजी शेवट शिकवा. एकटा राजा उरलेल्याला वजिराने मात करता येत नसेल तर बाकी सगळं वाया. दोन हत्तींची शिडीसारखी मात आधी, ती सोपी. वजिराची रीत अशी: वजीर विरोधी राजापासून घोड्याच्या उडीइतक्या अंतरावर आणायचा. राजा हलला की वजिराने तीच दिशा धरून तितकंच हलायचं, राजा आपोआप कडेला जातो. कडेला गेला की थांबायचं, वजिराने ती कड कापून धरायची आणि आपला राजा चालवत आणायचा. इथे मुलं हमखास फसतात: राजा कोपऱ्यात गेल्यावरही वजीर घोड्याच्या अंतरावर ठेवतात. राजा ए८ वर आणि वजीर बी६ किंवा सी७ वर असला की शह नाही आणि चालही नाही. म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. दर मुलाने ही मात मोठ्या माणसाविरुद्ध तीनदा करून दाखवल्याशिवाय त्याला पुढचा धडा नाही, एवढा कडकपणा योग्य आहे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात कोणीतरी यूट्यूबवरून चार चालींतली मात शिकून येतो आणि तीन शनिवार हॉलमध्ये दहशत माजवतो. त्याला दटावू नका. त्याच दिवशी ती मात आणि तिचा बचाव सगळ्यांना एकदम दाखवा. ई४, ई५ (नुसतं घर म्हणजे प्याद्याची चाल), उंट सी४, घोडा सी६, वजीर एच५. इथे काळ्याने घाईने घोडा एफ६ वर काढला की वजीर एफ७ वर मात करतो. त्याऐवजी प्यादं जी६ वर, वजीर एफ३ वर मागे आला की आता घोडा एफ६. पण वजीर दुसऱ्याच चालीला एच५ वर आला असेल तर जी६ खेळू नये: वजीर ई५ चं प्यादं शह देऊन खातो आणि पुढच्या चालीला कोपऱ्यातला हत्ती नेतो. तेव्हा आधी घोडा सी६. हा फरक कळला की ‘बचाव पाठ करायचा नसतो, बघायचा असतो’ हे न सांगता पोचतं.

हात लावला की चाल, हा नियम तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांना. मोहरा नीट ठेवायचा असेल तर आधी ‘ॲडजस्ट’ म्हणायचं, आणि तेही आपली चाल असतानाच. तक्रार असेल तर हात वर, डाव थांबवायचा, एकमेकांशी वाद नाही. ‘हात लावलाच नाही’ असं समोरचा म्हणाला आणि साक्षीदार नसेल तर चाल लादू नका. पण त्याच मुलाबद्दल दुसरी तक्रार आली की त्या पटाशी एक मोठा माणूस बसवा. नियमबाह्य चाल झाली की नवशिक्यांत फक्त मागे घ्यायची. जुन्या मुलांत पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जादा, दुसऱ्या वेळी डाव गेला. राजा मारून ‘जिंकलो’ म्हणणारे निघतात. तिथेही डाव मागे न्यायचा, शह कधी चुकला ते दोघांनी मिळून शोधायचं. ज्यांचे डाव आधी संपतात ते दुसऱ्यांच्या पटांभोवती जमतात. हात पाठीमागे, तोंड बंद, टेबलापासून एक पाऊल लांब. पंचवीस मिनिटांत न संपलेला डाव मोहरे मोजून ठरवू नका. हे कळलं की मुलं मात सोडून प्यादी गोळा करत बसतात. एखाद्याकडे उघड जिंकणारी स्थिती नसेल तर बरोबरी द्या.

चाली लिहायला आठव्या वर्षापासून सुरुवात करा, आधी फक्त पहिल्या दहा. मराठी माध्यमाच्या मुलांनी मराठी आद्याक्षरं वापरली तरी नियमाला धरून आहे. पण पुढे बाहेरच्या स्पर्धांत बहुतेक सगळे इंग्रजी अक्षरंच वापरतात, तेव्हा तीच शिकवलेली बरी. घोड्याला ‘एन’ हे पुनःपुन्हा सांगावं लागतं, कारण ‘के’ राजाने घेतलेलं असतं.

पालकांना डाव चालू असताना हॉलबाहेर बसवा. हा नियम पहिल्याच दिवशी, अपवादाविना. खाकरणं, भुवया उडवणं, ‘नीट बघ हं’ म्हणणं, ही सगळी मदतच असते. हॉलमध्ये मात्र कायम किमान दोन मोठी माणसं हवीत आणि त्यांतला एक न खेळणारा, कारण खेळत असलेल्या माणसाला हॉल दिसत नाही. एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद दाराआड कधीही नाही, शिकवणारा कितीही ओळखीचा असला तरी. कोणाला कोण न्यायला येणार ते नोंदवून ठेवा. मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त चालकांना लिहिता येईल अशी सोय ठेवा, नाहीतर निकालांवर चर्चा सुरू होते. फी थोडी का होईना ठेवा. फुकटच्या गोष्टीला दांडी सहज पडते. ज्याला परवडत नाही त्याची गुपचूप माफ करा.

मुलींबद्दल एक वेगळं. वीसांत दोन मुली असल्या की त्या दोघी दुसऱ्या महिन्यात जातात. चार असल्या की टिकतात. म्हणून सुरुवातीलाच मैत्रिणींना जोडीने बोलवा, आणि खेळवताना मात्र मुलींची मुलींशीच जोडी लावत बसू नका. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीत महिला विश्वचषक जिंकला तेव्हा सगळीकडे फलक लागले. त्याच्या किती तरी आधी, १९७४ साली, महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली होती, आणि पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनीही ती जिंकली. घरात तिघी खेळत होत्या, हे त्यातलं महत्त्वाचं. फलकापेक्षा सोबतीचा उपयोग जास्त.

वर्षाचं गणित आधीच मांडा. जूनमध्ये शाळा सुरू होताना गर्दी. गणपतीत हॉल मंडळाकडे जातो. नवरात्र, सहामाही आणि दिवाळी मिळून ऑक्टोबर-नोव्हेंबर अर्धा रिकामा. मार्च-एप्रिल परीक्षा, मेमध्ये निम्मी मुलं गावी. म्हणजे खरे शनिवार तीसेक. सुट्टीच्या आठवड्यांसाठी लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर क्लबचा वर्ग उघडून ठेवता येतो. ते मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि लहान मुलांसाठी गप्पा-संदेश बंद करणारा किड मोड आहे. कोडी आणि दहा मिनिटांचे डाव एवढंच सुचवा. एक मिनिटाचे बुलेट डाव खेळणारी मुलं शनिवारी पटावर बसली की पहिली दिसलेली चाल खेळतात, आणि ती सवय मोडायला महिने जातात.

तीन महिन्यांनी क्लबची स्पर्धा घ्या. मानांकन (खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा) नसलेल्या चोवीस मुलांसाठी स्विस पद्धतीपेक्षा (दर फेरीला सारख्या गुणांच्या गड्यांची जोडी) सहा-सहांचे चार गट सोपे: पाच फेऱ्या, प्रत्येक गटात पंधरा डाव, तीन पट. गट वहीवरून पाडा, ताकदीनुसार. फेऱ्या अशा (आधीच्या आकड्याला पांढरे): पहिली १-६, २-५, ३-४, दुसरी ६-४, ५-३, १-२, तिसरी २-६, ३-१, ४-५, चौथी ६-५, १-४, २-३, पाचवी ३-६, ४-२, ५-१. प्रत्येकी पंधरा मिनिटं धरली तर निकाल लिहिणं, पाणी, बाथरूम मिळून फेरीला चाळीस मिनिटं लागतात. पाच फेऱ्यांना जवळजवळ साडेतीन तास. ऐनवेळी एक मूल आलं नाही तर एखाद्या पालकाला गुणांबाहेरचा गडी म्हणून बसवा, बाय (जोडीदार नाही म्हणून न खेळता मिळणारा गुण) देऊ नका. सहा वर्षांच्या मुलाला बायचा पूर्ण गुण मिळतो पण डाव मिळत नाही, आणि तो रडतो. प्रत्येक गटाला पहिलं बक्षीस, म्हणजे चार विजेते. सगळ्यात तळाच्या गटाचा विजेता त्या दिवशी सगळ्यात खूश असतो.

बाहेरच्या स्पर्धांची घाई पालकांना असते. १ मार्च २०२४ पासून फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) मानांकन १४०० पासूनच सुरू होतं, आधी तो तळ १००० होता. मानांकन स्पर्धेत समोर बसणारा सगळ्यात कच्चा मानांकित गडीसुद्धा आता १४०० चा असतो. वर प्रवेश फी, अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आणि राज्य संघटनेकडची नोंदणी, प्रवास. पूर्ण डाव न चुकता लिहिता येतो, एका हत्तीने मात करता येते आणि तासभर खुर्चीत बसता येतं, या तीन गोष्टी झाल्याशिवाय पाठवू नका. त्याआधी जवळच्या शाळांच्या, मंडळांच्या एकदिवसीय स्पर्धा पुष्कळ असतात. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, पण प्रवेश शाळेतर्फेच जातो, क्लबतर्फे नाही. हे जुलैमध्येच शाळेच्या क्रीडा शिक्षकांना विचारून ठेवायचं.

वर्षभरात एक-दोन मुलं तुमच्या हाताबाहेर जातील. त्यांना चांगल्या प्रशिक्षकाकडे स्वतःहून पाठवा, अडकवून ठेवू नका. फक्त महिन्यातला एक शनिवार मागून घ्या. त्या दिवशी त्या मुलाने एकाच वेळी सहा पटांवर खेळायचं, आणि त्याला हरवेल किंवा बरोबरीत रोखेल त्याचं नाव वहीत लाल शाईने लिहायचं.